जुनं ते फुकट?

‘अरे, इतकं जुनं गाणं, आता त्याचा कसला कॉपीराइट? दे की डाउनलोड करून!’ ही पडावच्या काकांची फर्माइश. ‘मामा, जुना मारिओ फुकट कुठे मिळेल?’ हा भाच्याचा प्रश्न. घरात एखादा कम्प्युटरवाला असला की हे ठरलेलंच. दोघांना उत्तर मात्र एकच देता येत नाही.

आधी गाणं. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६५ पर्यंत बाजारात आलेल्या रेकॉर्डवरचा हा हक्क २०२५ अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. ते निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. ‘बैजू बावरा’ (१९५२) घ्या. त्यात आपल्या ग्वाल्हेर घराण्याचे द. वि. पलुसकर आणि अमीर खाँ यांची जुगलबंदी आहे. तिचं ध्वनिमुद्रण २०१३ पासून मोकळं झालं. पण गीतकार शकील बदायुनी १९७० मध्ये गेले, म्हणून शब्द २०३० अखेरपर्यंत राखीव. संगीतकार नौशाद २००६ मध्ये गेले, म्हणून चाल २०६६ अखेरपर्यंत! पलुसकर स्वतः १९५५ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या पारंपरिक बंदिशींच्या रेकॉर्ड मात्र निर्धास्त ऐका आणि वाटा.

घरातली कॅसेट स्वतः ऐकण्यासाठी कम्प्युटरवर उतरवणं कायद्यातल्या ‘वाजवी वापरात’ बसू शकतं. तीच फाइल सगळ्यांसाठी यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट.

आता गेम. खाजगी वापराच्या या सवलतीतून कायद्याने कम्प्युटर प्रोग्रॅम स्पष्टपणे वगळला आहे. विकत घेतलेला गेम खराब होईल म्हणून त्याची जादा प्रत ठेवता येते. दुसऱ्याची प्रत नेटवरून उतरवता येत नाही. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा, म्हणजे हक्क संपायला अजून खूप अवकाश आहे. दुकानात मिळत नाही म्हणून गेम मोकळा होत नाही, आणि खरा पेच इथेच आहे. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका अभ्यासात २०१० पूर्वीचे ८७ टक्के गेम विकतच मिळत नसल्याचं आढळलं. कंपनी विकत नाही, कायदा उतरवू देत नाही, आणि तोवर डिस्क खराब होतात.

तसंच आपल्या कॅसेटचं. सिनेमाची गाणी कुठेही जात नाहीत. पण गणेशोत्सवात आजी गायली, घरच्या बैठकीत आजोबांनी पेटी वाजवली, त्याची एकच प्रत जगात आहे आणि ती तुमच्या माळ्यावर आहे. फीत चिकटण्याआधी ती उतरवून घ्या. गाणारं कोण, साल कुठलं, हे सांगणारी माणसं घरात आहेत तोवर त्यांना विचारून लिहून ठेवा. हे डाउनलोड दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.