वाचनखूण की अडगळ?

बुकमार्कला आपण मराठीत वाचनखूण म्हणतो. पुस्तकातली वाचनखूण सांगते, 'इथपर्यंत वाचून झालंय.' ब्राउझरमधली सांगते, 'हे कधीतरी वाचायचंय.' घोळ आहे तो या 'कधीतरी'त. कंट्रोल आणि डी दाबलं की पान जपलं जातं, आणि वाचल्याचं अर्धं समाधान तिथंच मिळून जातं!

हैदराबादेत मराठी शिकणाऱ्या आपल्यासारख्यांचं यात जरा जास्तच नुकसान होतं, असं मला वाटतं. इसामिया बाजारात 1922 सालापासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पण कुकटपल्लीहून तिथं रोज कोण जाणार? आपलं रोजचं ग्रंथालय म्हणजे ब्राउझरच. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. मराठी विश्वकोश घरबसल्या फुकट वाचता येतो. एवढं सगळं हाताशी असून ऐन असाइनमेंटच्या रात्री त्यातलं एकही सापडत नाही. का?

कारण बुकमार्कमध्ये शोधताना ब्राउझर पानातला मजकूर वाचत नाही. नाव आणि पत्ता तेवढा बघतो. ही नावं बहुतेक इंग्रजीत असतात, पीडीएफची तर कित्येकदा नुसते आकडे. मग देवनागरीत 'मोल्सवर्थ' टाइप करून हाती काय लागणार? म्हणून माझा पहिला आग्रह असा, की सेव्ह करतानाच नाव बदला. मराठीत लिहा, आणि कशासाठी ठेवलं तेही लिहा: 'मोल्सवर्थ, जुन्या शब्दांचे अर्थ'.

दुसरा आग्रह, फोल्डर विषयावरून नको, कामावरून करा. 'साहित्य' नावाचा फोल्डर म्हणजे गोणी; त्यात काहीही मावतं. त्यापेक्षा 'निबंध लिहिताना' असा फोल्डर करा. त्यात दोन कोश, विश्वकोश आणि शुद्धलेखनाचे नियम, बस्स. फोल्डरवर राइट क्लिक करून सगळे उघडण्याचा पर्याय निवडला, की चारही टॅब एकदम समोर. पण त्यात चाळीस दुवे कोंबाल, तर लॅबमधला जुना पीसी मान टाकेल. पाच-सहा पुरेत.

'गूगल असताना ही उठाठेव कशाला?' असं काही जण म्हणतील. गूगल शोधून देतं, मान्य; पण वर काय दिसावं ते त्याच्या हिशेबानं ठरतं. बुकमार्क ही आपली निवड असते. एकदा पारखून घेतलेला कोश दर वेळी नव्यानं का शोधायचा?

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगनाथन यांनी 1931 साली मांडले. त्यातला चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. ब्राउझरमध्ये वाचकही आपण आणि ग्रंथपालही आपणच, त्यामुळे कपाट लावायला दुसरं कुणी येणार नाही. सत्र संपताना अर्धा तास काढा. सहा महिन्यांत ज्याला हात लागला नाही, ते पान उघडून वाचा. वाचावंसं वाटलं नाही तर खुशाल पुसा. उरतील त्या दहा-बारा वाचनखुणा खऱ्या, कारण त्या आपण वाचतो.