तगादाबंदी हवी

शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मदत द्यायची की नाही, हे ठरवताना महाराष्ट्र शासन तीन गोष्टी तपासते. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जाच्या परतफेडीचा तगादा. यातल्या तिसऱ्या शब्दापाशी थांबायला हवे. तगादा जिवावर बेतू शकतो, हे सरकारने लेखी मान्य केले आहे. पण महसूल खाते त्याची नोंद घेते ती पंचनाम्यानंतर. माणूस जिवंत असताना, मानसोपचाराच्या गोळ्या चालू असताना, ‘मला बरे होईपर्यंत हा तगादा थांबवा’ असे हक्काने म्हणण्याची सोय त्याला नाही. 2015 मध्ये राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशाताई घरी येऊन झोप लागते का, जेवण जाते का, हे विचारू लागल्या. चांगलेच झाले. मात्र बँकेला फोन करून ‘महिनाभर या घरी येऊ नका’ असे सांगण्याचा अधिकार आशाताईला नाही, आणि तिच्या वरच्या डॉक्टरलाही नाही.

हे दुखणे केवळ शेतशिवारातले नाही. नैराश्यात गेलेला नोकरदार आधी रजा टाकतो, मग पगार कापला जातो, मग हप्ता चुकतो. बँकेचे पाकीट येते. ते फोडायचे धाडस होत नाही, म्हणून ते फ्रिजवर ठेवले जाते. दोन महिन्यांत तिथे चळत साठते. अनोळखी नंबर दिसला की छातीत धडधडते, म्हणून फोन सायलेंटवर जातो. मग वसुलीवाला बायकोला, सासऱ्याला, जामीनदाराला गाठतो. त्याच्या वहीत या माणसापुढे ‘टाळाटाळ करतो’ असा शेरा पडतो. डॉक्टरच्या केसपेपरवर नेमके तेच आजाराचे लक्षण म्हणून लिहिलेले असते.

बायपोलर आजारात तर कर्जच आजारातून जन्मते. मेनियाच्या काळात झोप उडते, पैशाचे भान सुटते आणि मोबाइलवर पाच-दहा मिनिटांत कर्ज मंजूर होते. डिजिटल कर्ज नको वाटले तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून, दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुदत रिझर्व्ह बँकेने ठेवायला लावली आहे. ती किमान किती? एक दिवस. मेनिया आठवडे-आठवडे चालतो. माणूस भानावर येतो तेव्हा पैसे उडालेले आणि हप्ते सुरू झालेले असतात. मन ठिकाणावर नसताना केलेला करार टिकत नाही, असे 1872 चा करार कायदा सांगतो खरा. पण ते दिवाणी न्यायालयात सिद्ध करायचे कोणी, आणि वकिलाची फी कुठून आणायची?

नियम नाहीत असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. सूक्ष्म कर्जांसाठी ही वेळ नऊ ते सहा अशी आहे. धमकावणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाइकांना त्रास देणे, सगळ्याला मनाई आहे. पण हे नियम घड्याळ पाहतात, समोरचा माणूस कोणत्या अवस्थेत आहे ते पाहत नाहीत. आठ वाजून एक मिनिटाने आलेला फोन नियमात चोख बसतो. घरात मृत्यू झाला असेल तर वसुलीला जाऊ नये, असे बँकांच्या धोरणांत लिहिलेले असते. घरातला माणूस कालच मनोरुग्णालयातून परतला असेल, तर काय करायचे, हे लिहिलेले नसते. राज्याच्या सावकारी कायद्यात कर्जदाराच्या घराजवळ घुटमळणेही गुन्ह्यात मोडते. मात्र रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येच स्पष्ट केले. आज दारात उभे राहतात ते बहुतेक याच कंपन्यांचे लोक.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 4 मे 2021 पासून वेगळी वाट काढली आहे. तिथे कर्जात बुडालेल्या कोणालाही सल्लागारामार्फत साठ दिवसांची उसंत मिळू शकते. मानसिक संकटासाठीचे उपचार चालू असतील तर उपचार संपेपर्यंत आणि त्यानंतर आणखी तीस दिवस. या काळात फोन बंद, जप्ती बंद, त्या कर्जांवरचे व्याज आणि दंडही गोठतात. कर्ज माफ होत नाही. रुग्णाने स्वतः खेटे घालावेत अशी अटही नाही. त्याची काळजी घेणारा माणूस किंवा परिचारिकाही अर्ज करू शकते. ही योजना निर्दोष नाही. महिन्याला ओपीडीतून गोळ्या नेणारा साधा रुग्ण दुसऱ्या, लांब सवलतीत बसत नाही. पण तत्त्व पक्के आहे.

आपल्याकडेही असे काहीतरी कागदावर आहे. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदाराला नव्याने सुरुवात करू देणारे एक प्रकरण आहे, त्यात 180 दिवसांची स्थगितीही आहे. वार्षिक उत्पन्न 60 हजारांपर्यंत, मालमत्ता 20 हजारांपर्यंत आणि कर्ज 35 हजारांपर्यंत, अशा त्याच्या मर्यादा. बरा मोबाइल घेतला तरी मालमत्तेची अट मोडेल. तेवढेही प्रकरण अद्याप लागू केलेले नाही.

उपचारकाळात तगादा थांबवायचा म्हटले की लबाड लोक खोटी सर्टिफिकेटे आणतील, हा आक्षेप येणारच, आणि तो पोकळ नाही. आजारपणाचे सर्टिफिकेट आपल्याकडे कसे मिळते ते सर्वांना ठाऊक आहे. शिवाय पतसंस्थेत अडकलेला पैसा शेजाऱ्याच्याच ठेवीचा असतो. (वसुलीला येणारा पोरगाही बहुधा कमिशनवर जगणारा, टार्गेटखाली दबलेला असतो, त्याच्या झोपेचे कोणी विचारत नाही.) म्हणून दाखला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाचाच घ्या, मुदत बांधा, खोट्याला शिक्षा ठेवा. पण 2020 मध्ये मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने कर्जदारांना हप्ते पुढे ढकलू दिले होते. व्याज चालू राहिले, पण बँका कोसळल्या नाहीत. दुष्काळात पीक गेले की कर्जाचे पुनर्गठन होतेच. आजारी मनाला मात्र आणेवारी लागत नाही.

महाराष्ट्राने हे धडे उशिरा गिरवलेले आहेत. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांच्या दंग्यात सावकारांची खतपत्रे जळाली, तेव्हा कुठे 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. दंग्याची वाट पाहण्याचे कारण आज नाही. सूक्ष्म कर्ज देणाऱ्यांनी अडचणीतला कर्जदार ओळखून त्याच्याशी बोलावे, त्याला मार्ग सांगावा, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. तोच सर्व कर्जांना लावावा आणि त्यात उपचारकाळातली तगादाबंदी घालावी. दाखल्यावर आजाराचे नाव नसावे, फक्त तारखा असाव्यात. नाहीतर आज सवलत घेतलेल्याला उद्या कोणी कर्ज देणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजार असलेल्यांनाही बँक कर्जाचा समान हक्क दिला आहे, त्यावर असे आडून पाणी पडू नये.

तोवर घरच्यांनी एवढे करावे: फ्रिजवरची पाकिटे रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या कोणीतरी फोडावीत. बँकेला उपचार चालू असल्याचे पत्र द्यावे, पोच घ्यावी, फोनवर कोणाशी बोलायचे ते त्यात लिहावे. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला शुल्क नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि रात्र काढणे कठीण झाले असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मराठीतही, चालू असतो.