रस्ता त्यांचा असेल, गाव आपले आहे

“हा रस्ता आमच्याकडे नाही.” वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही शहरात मोठ्या रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला हे वाक्य पाठ आहे. नगर परिषदेत गेले तर सांगतात, बांधकाम विभागाकडे जा. बांधकाम विभागात कळते, हा तुकडा राष्ट्रीय महामार्गात गेला, त्याचे कार्यालय वेगळे. तिथे गेले तर काम ठेकेदाराच्या मुदतीत असते आणि ठेकेदाराला पत्र दिलेले असते. तोवर पोळा जातो, दिवाळी येते, खड्ड्यात टाकलेला मुरूम धूळ होऊन दुकानांत आणि घरांत शिरतो आणि पुढच्या मृगापर्यंत सगळे गप्प. हे उत्तर वर्ध्याने, हिंगणघाटने, आर्वीने, पुलगावने, देवळीने यापुढे मुकाट ऐकून घेऊ नये.

उत्तर खोटे नसते, हे आधी समजून घेतले पाहिजे. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर आखले गेले. त्या आखणीच्या कितीतरी बाहेर शहर पसरले. नालवाडी, सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे ही गावे शहराला चिकटली, पण कागदावर ती ग्रामपंचायतीच राहिली. रस्त्यांचेही तसेच. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, इतर जिल्हामार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे, गल्लीबोळ नगर परिषदेचे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. नालवाडीकडून सावंगीच्या दवाखान्याकडे निघालेला माणूस वाटेत किती कार्यालयांच्या हद्दी ओलांडतो, हे त्याला कोणताही फलक सांगत नाही. त्याच्या गाडीचे चाक मात्र ते बरोबर सांगते. जिथे धक्का बसतो, तिथे बहुधा एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू झालेली असते.

कायद्याने जबाबदारी वाऱ्यावर सोडलेली नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या पाचव्या कलमानुसार राष्ट्रीय महामार्गाचा विकास आणि देखभाल ही केंद्र सरकारची जबाबदारी आहे. केंद्र ते काम राज्याकडे सोपवू शकते, म्हणूनच अनेक ठिकाणी राज्याच्याच बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग ते पाहतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘रस्ते आणि पूल’ हा विषय शहरांच्या यादीत आहे. १९६५ च्या नगर परिषद कायद्यात सार्वजनिक रस्ते बांधणे आणि राखणे हे नगर परिषदेचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. म्हणजे प्रत्येक फुटाला कायद्याने धनी आहे. उणीव एकच आहे. ज्या शहरातून तो रस्ता जातो त्या शहराचा त्यावर आवाज नाही, आणि हा आवाज कोणी काढून घेतलेला नाही. आपणच तो लावलेला नाही.

खड्डा का पडतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक कास्तकाराला ठाऊक आहे. ही काळी कापसाची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर रस्ता टिकवायचा तर पाया नीट हवा आणि पाणी बाजूला निघून जायला हवे. डांबराचा सर्वांत मोठा शत्रू ट्रक नव्हे, साचलेले पाणी आहे. ते सांध्यातून आत शिरते, गिट्टी सुटी होते आणि मग कापसाच्या हंगामातली एकेक गाडी तिला उखडत जाते. आता पाहा. रस्ता एका खात्याचा, कडेची नाली दुसऱ्याची, नालीत येणारे सांडपाणी तिसऱ्याच्या वस्तीचे, आणि रस्त्याखालची पाइपलाइन चौथ्याची. अमृत योजनेतल्या भुयारी गटारासाठी वर्धा शहर खणले गेले, तेव्हा हे सगळ्यांनी भोगले. खणणारा निघून जातो, बुजवणारा वरवर बुजवतो आणि ज्याच्या नावावर रस्ता आहे तो म्हणतो, मी खणलेच नव्हते. नाली साफ झाली नाही म्हणून रस्ता फुटला, की नाली नगर परिषदेची आणि रस्ता सरकारचा, म्हणून दोघेही मोकळे. नवा काँक्रीट रस्ता उंच झाला आणि पाणी लोकांच्या उंबऱ्याशी आले, तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे, हे आराखड्यात कुठेच लिहिलेले नसते.

बजाज चौकातल्या रेल्वे उड्डाणपुलाचे उदाहरण वर्धेकरांना सांगायला नको. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे पोचरस्ते बांधकाम विभागाचे. रुंदीकरणाला वर्षे गेली. शाळेची मुले, भाजीवाल्या बाया, स्टेशनला निघालेली माणसे, सगळे त्या कोंडीतून जात राहिले. तळेगाव ते आर्वी रस्त्याचे अर्धवट काम लोकांनी कितीतरी पावसाळे सोसले. आणि याच जिल्ह्याच्या सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. त्या रस्त्याला माझा विरोध नाही. पण येळाकेळीला किंवा विरूळला खाली उतरल्यावर जो माणूस राहतो, त्याचाही रस्त्यावर तेवढाच हक्क आहे. दूरच्या शहरांना जोडणारा रस्ता सरकार जिवापाड जपत असेल, तर वाटेवरच्या गावाचा रस्ताही त्याने जपलाच पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही केवळ वर्ध्याची रुग्णालये नाहीत. आष्टी, कारंजा, आर्वी, समुद्रपूर, शेजारचे यवतमाळ, चंद्रपूर, सगळीकडून रुग्ण येतात. कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन १०८ ची गाडी निघते, तेव्हा तिच्या वाटेवर केंद्राचा, राज्याचा, जिल्हा परिषदेचा आणि नगर परिषदेचा असे सगळ्यांचे रस्ते येतात. तिला बसणारा प्रत्येक हादरा कोणत्या खात्याच्या नावे टाकायचा?

आणि पैसा? तो आपण प्रत्येकाला दिलेला आहे. गाडी घेताना राज्याला वाहनकर भरतो. पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे केंद्राच्या रस्ते व पायाभूत सुविधा निधीसाठी उपकर देतो. दारोडा टोलनाक्यावर टोल देतो. घरपट्टी नगर परिषदेत भरतो. मालक चार आहेत आणि चौघांचेही पैसे भरणारा एकच आहे. म्हणून रस्ता मागताना हात जोडून उभे राहायचे कारण नाही.

सरकारला रस्त्याचा मालक झपाट्याने बदलता येतो, हे २०१७ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर दुकाने त्या आदेशातून सुटावीत म्हणून जळगावसारख्या शहरांतून जाणारे राज्यमार्ग स्थानिक संस्थांकडे वर्ग करण्याच्या हालचाली झाल्या. जळगावकरांनी त्याला विरोध केला. रस्ता आला, पण तो राखायला निधी कुठे? १९७० च्या दशकापासून दारूबंदी असलेल्या आपल्या जिल्ह्यात तो प्रश्न आला नाही, पण त्यातला धडा आपल्यासाठीही आहे. बाह्यवळण झाले की शहरातून जाणारा महामार्गाचा जुना तुकडा मागे उरतो. तो एकदा नीट दुरुस्त करून आणि देखभालीची सोय लावूनच शहराच्या हवाली झाला पाहिजे. तुटका रस्ता आणि रिकामी तिजोरी दोन्ही पदरात घेणारे हस्तांतर कोणत्याही नगर परिषदेने स्वीकारू नये.

जर्मनीत शहरातून जाणाऱ्या केंद्रीय रस्त्याचा भाग कोणी राखायचा, हे कायद्यानेच ठरवले आहे. लोकसंख्या ८०,००० च्या वर असेल तर शहराने, त्याखाली असेल तर वरच्या सरकारने. नियम आपल्याला पटो न पटो, तिथल्या माणसाला दार एकच ठोठवावे लागते. वर्धा आणि हिंगणघाट ही दोन्ही शहरे २०११ च्या जनगणनेतच लाखाच्या वर गेली आहेत. आपल्याला एवढे साधे उत्तर का मिळू नये?

मग करायचे काय? नगर परिषदांचा कारभार जवळजवळ चार वर्षे प्रशासकांच्या हाती होता. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर लोकांनी निवडलेली माणसे पुन्हा सभागृहात बसली आहेत. त्यांच्याकडून पहिली मागणी ही, की सर्वसाधारण सभेत ठराव करा. शहराच्या हद्दीतला प्रत्येक रस्ता कोणाचा, त्याचा नकाशा छापा आणि चौकाचौकांत लावा. आर्वी नाका, शिवाजी चौक, बजाज चौक, धुनिवाले मठ चौक, प्रत्येक ठिकाणी रस्त्याचा धनी, अभियंत्याचे पद, कार्यालयाचा फोन आणि ठेकेदाराच्या दोषदायित्वाची, म्हणजे बिघडलेले काम स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची, मुदत संपण्याची तारीख मराठीत, मोठ्या अक्षरांत दिसली पाहिजे. दुसरी मागणी अशी, की बांधकाम विभाग आणि महामार्ग विभाग यांच्याशी लेखी करार करा. पावसाळ्याआधी नाल्या कोण साफ करणार, खड्डा किती तासांत बुजणार, खणलेला रस्ता कोण पूर्ववत करणार, दिवे आणि गतिरोधक कोणाचे, हे सगळे त्यात असू द्या. नगर परिषदेला दुसऱ्याच्या रस्त्यावर डांबर टाकता येत नसेल. पण त्या रस्त्यासाठी भांडण्यापासून तिला कोणताही कायदा अडवत नाही.

न्यायालय या बाबतीत आपल्या बाजूने उभे आहे. चांगला रस्ता हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे. १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. ती ठरवण्यासाठीच्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना बसवले आणि ही रक्कम दोषी अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करण्यास सांगितले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९८अ हे कलमही आहे. रस्त्याच्या सुरक्षेचे निकष न पाळल्याने कोणी दगावले किंवा अपंग झाले, तर ठेकेदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ही कलमे आपल्या जिल्ह्यात किती जणांना ठाऊक आहेत? वकील मंडळींनी आता गावोगावी जाऊन ती सांगितली पाहिजेत.

“आपल्याने काय होणार?” असे कोणी म्हणेल. त्याने २०२० आठवावे. वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी गांधीजींच्या काळापासूनची झाडे तोडायला सुरुवात झाली, तेव्हा याच शहरातली माणसे रस्त्यावर उतरली. आश्रमातली, नयी तालीममधली, कॉलेजातली, घराघरांतली. रस्ता नगर परिषदेचा नव्हता, झाडेही कोणा एकाच्या मालकीची नव्हती. तरी त्या माणसांनी बुंध्याशी उभे राहून प्रशासनाला काम थांबवायला लावले. ज्या गावाला झाडासाठी उभे राहता येते, त्याला अँब्युलन्समधल्या बाळंतिणीसाठीही उभे राहता येईल.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, मोबाइल काढा. आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो, जागा आणि तारीख नोंदवा, आणि दर आठवड्याला तोच फोटो पुन्हा काढा. महामार्गावर असाल तर १०३३ वर तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. व्यापारी बांधवांनो, धुळीने माल खराब होतो म्हणून नुसते चडफडू नका, संघटनेच्या लेटरहेडवर मागणी लिहा. माहितीचा अधिकार, २००५ वापरा. रस्ता कोणाचा ते माहीत नसले तरी चालते. सहाव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. “आमच्याकडे नाही” हे उत्तर कायद्यानेच तिथे बंद केले आहे. याच कायद्याने आपल्याला कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्क दिला आहे. गिट्टी किती, डांबर किती, थर किती जाड, हे मागा. अभियांत्रिकी शिकणारी आपलीच मुले ते तपासतील.

नालवाडी, सावंगी, बोरगाव, पिपरी, सिंदी मेघे इथल्या भावाबहिणींनो, तुमच्याकडे ग्रामसभा आहे. तिथे हाच ठराव मांडा, शब्द तोच ठेवा. पाचही गावांचा आणि नगर परिषदेचा मजकूर एक असला, तर जिल्हा नियोजन समितीला तो बाजूला ठेवता येणार नाही. हिंगणघाटने नांदगाव चौरस्त्यासाठी आपला ठराव करावा, आर्वीने तळेगाव रस्त्यासाठी. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरते आणि तिथे पुरवणी मागण्या मंजूर होतात. त्याआधी नकाशा, फोटो, ठराव आणि माहिती अधिकारातली उत्तरे अशी एकच फाइल जिल्ह्याच्या चारही आमदारांच्या आणि खासदारांच्या हातात पडली पाहिजे, पोच घेऊन. ठरावाचा मसुदा लिहायला एक संध्याकाळ पुरते. या आठवड्यात आपल्या वॉर्डात दहा घरांनी एकत्र बसावे आणि तो लिहायला घ्यावा.