धडधड गेली तर काय उरेल?

रविवारची सकाळ. गल्लीतल्या मंडळींचा पहिला चहाही झालेला नसतो, तेवढ्यात एखाद्या अंगणातून ‘डुग-डुग-डुग’ असा संथ, भरीव आवाज येऊ लागतो. घरच्या गृहस्थांनी बुलेट बाहेर काढलेली असते. कुठे जायचे म्हणून नव्हे. नुसती पुसायला, साखळीला तेल द्यायला आणि चार मिनिटे चालू ठेवून तिचा आवाज ऐकायला. त्याच घरातली मुलगी मात्र रोज विजेच्या दुचाकीवरून कामावर जाते. रात्री गाडी चार्जिंगला लावायची आणि सकाळी निघायचे. ‘बाबा, आता पुरे ना हा आवाज,’ असे ती म्हणते. ‘आवाज नाही तर ती गाडी कसली?’ बाबांचे उत्तर ठरलेले असते.

आज देशात अनेक घरांत हा संवाद थोड्याफार फरकाने ऐकू येतो. वरवर पाहिले तर तो आवाजाचा वाद आहे. बुलेटला एकच मोठा सिलिंडर, त्यामुळे तिचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. १९५५ साली मद्रासमध्ये तिची जुळणी सुरू झाली, सरहद्दीवरच्या गस्तीसाठी लष्कराने ती वापरली आणि पुढे पंजाबपासून केरळपर्यंत ती घराण्याची शान होऊन बसली. म्हैसूरची येझदी, फरिदाबादची राजदूत, यामाहाची आरएक्स १०० या प्रत्येकीचा आवाज वेगळा आणि चाहताही वेगळा. डोळे मिटून, कोणती गाडी गेली हे सांगणारे शौकीन आजही सापडतात.

अशा शौकिनांना विजेची मोटारसायकल पचत नाही, यात नवल काय? पण त्यांनी थोडे मागे वळून पाहावे. १९८५ साली कमी पेट्रोल पिणारी फोर-स्ट्रोक सीडी १०० आली, तेव्हा टू-स्ट्रोकच्या भक्तांना तिचा आवाज मिळमिळीत वाटला होता. बुलेटचा गिअर पूर्वी उजव्या पायाशी असे आणि ब्रेक डाव्या पायाशी. या शतकाच्या पहिल्या दशकात ती रचना बदलली, तेव्हा जुने स्वार हळहळले. बटण दाबून गाडी सुरू होऊ लागली, तेव्हा किक मारण्यातली मर्दुमकी संपली म्हणून नाके मुरडली गेली. पुढे कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. प्रत्येक वेळी कुरकुर झाली आणि प्रत्येक वेळी नवे अंगवळणी पडले. मग या वेळी तरी वेगळे काय होणार, असे मुलीच्या पिढीने विचारले तर त्यांचे काय चुकले?

शिवाय विजेची गाडी आता केवळ बाजारहाटापुरती राहिलेली नाही. बेंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीने २०२२ साली बाजारात आणलेली एफ ७७ ताशी १५० किलोमीटरपर्यंत पळते. पेट्रोलच्या इंजिनाला जोर येण्यासाठी आधी फेरे वाढावे लागतात. विजेच्या मोटरीचा जोर पहिल्या क्षणापासूनच मिळतो. क्लच नाही, गिअर नाही, मूठ पिळली की गाडी सुटलीच. ज्यांनी ती चालवली, त्यांतले कित्येक कट्टर इंजिनप्रेमीही उतरल्यावर जरा गप्प होतात. खर्चाचे म्हणाल, तर लिटरला ३५ किलोमीटर धावणाऱ्या गाडीला शंभर किलोमीटरसाठी सुमारे तीनशे रुपयांचे पेट्रोल लागते. विजेची मोटारसायकल तेच अंतर पाच-सहा युनिटांत कापते.

तरीही आवाजाची ओढ खोटी नाही. २०१९ साली रिव्होल्ट कंपनीने आपल्या विजेच्या मोटारसायकलला चक्क खोट्या आवाजाची सोय दिली. हवा तो आवाज मोबाइलवरून निवडायचा! विजेच्या मोटारसायकलींची जागतिक शर्यतही २०१९ मध्येच सुरू झाली. पण प्रेक्षकांत ती हवी तशी रुजली नाही आणि २०२५ च्या हंगामानंतर थांबवण्यात आली. मात्र याची दुसरी बाजूही आहे. सायलेन्सर बदलून भररात्री फटाके फोडत जाणाऱ्यांच्या शौकाची किंमत शेजारचे आजारी वृद्ध आणि झोपलेली तान्ही बाळे मोजतात. अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, ते उगाच नव्हे.

इंजिनप्रेमींचा दुसरा मुद्दा लांबच्या पल्ल्याचा, आणि तो वजनदार आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. म्हणजे तेरा लिटरच्या टाकीत शंभराहून अधिक युनिट मावतात आणि त्या पेट्रोलचे वजन दहा किलोही भरत नाही. एफ ७७ च्या मोठ्या बॅटरीत मात्र जेमतेम दहा युनिट असतात. इंजिन यातली तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवते आणि मोटर फारच थोडी, म्हणून विजेची गाडी एवढ्यावरही बरीच दूर जाते. पण मनाली-लेह रस्त्याचे काय? तिथे तांदी गावच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी कित्येक वर्षे होती. तिथून पुढे जाणारा स्वार कॅनमध्ये पेट्रोल भरून घेई. वीज काही कॅनमध्ये भरून नेता येत नाही.

पण हा प्रश्नही काळाच्या ओघात सुटेल. बॅटऱ्या सुधारत आहेत, चार्जिंगची ठिकाणे वाढत आहेत. जो सहज सुटणार नाही आणि ज्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही, तो प्रश्न तिसराच आहे: गाडी बिघडली तर ती उघडायची कुणी?

जुनी मोटारसायकल तिच्या मालकाला ओळखीची होती. प्लग काळा पडला, क्लचची केबल तुटली, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला, तर सीटखालच्या पाना-पक्कडीने रस्त्याच्या कडेला तिला मार्गी लावता येई. ते जमले नाही, तर पुढच्या गावात झाडाखाली हातगाडी लावून बसलेला एखादा मिस्त्री असेच. मुले वडिलांच्या शेजारी बसून पाने देता देता शिकत. शौकिनांचे प्रेम जितके धडधडीवर होते, तितकेच या ओळखीवर होते. विजेच्या गाडीत सुटे भाग कमी, म्हणून बिघाडही कमी, हे खरेच. पण बिघाड झाला की समोर येतो तो एक बंद डबा. त्याचे दुखणे कंपनीचा संगणकच सांगणार आणि सुटा भागही कंपनीच देणार. कंपनीने गाशा गुंडाळला तर?

याचा अर्थ बॅटरी घरी उघडून पाहावी, असा मुळीच नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही ठिकाणी विजेच्या दुचाकींना आगी लागल्या आणि त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. तिथे अर्धवट ज्ञान जिवावर बेतू शकते. पण गल्लीतल्या मिस्त्रीला रीतसर शिक्षण, दुरुस्तीची माहितीपुस्तिका आणि वाजवी दरात सुटे भाग मिळायला काय हरकत आहे? याच विचाराने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ नावाचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. कंपन्यांनी तो हक्क मनापासून मानला, तरच त्याला अर्थ.

म्हणून गाडी घेताना केवळ वेग आणि रंग पाहू नये. बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची, हमी संपल्यावर नवी बॅटरी केवढ्याला, आपल्या गावी दुरुस्ती होईल का, आणि घरी किंवा सोसायटीत सुरक्षित चार्जिंगची सोय आहे का, हे चार प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. रोज तीस-चाळीस किलोमीटरची ठरलेली धाव असेल, तर विजेची गाडी कधीही सोयीची. घाट, डोंगर आणि अनोळखी गावे धुंडाळायची असतील, तर तूर्त पेट्रोलला पर्याय कमीच.

अंगणातल्या बाबांनी लेकीच्या गाडीवर एक फेरी मारून यावी. लेकीनेही एखाद्या रविवारी बुलेटचा प्लग स्वतःच्या हाताने काढून, साफ करून बसवावा. धडधड उद्या कदाचित ऐकू येणार नाही. पण आपण जी गाडी चालवतो ती समजून घेण्याची सवय घरात टिकली, तर शौक कुठेही गेलेला नाही असे समजावे.