आधी बोलायचं, पण किती?

घासाघीस करताना पहिला आकडा कोणी बोलायचा, हे फॅशन स्ट्रीटवर टी-शर्ट घेणाऱ्यालाही बरोबर कळतं. आधी बोलला तो अडकला! पोकरच्या टेबलावर याच दुखण्याला म्हणतात ‘आऊट ऑफ पोझिशन’. आणि समोर एकच भिडू असेल, म्हणजे खेळ हेड्स-अप नो-लिमिट होल्डेमचा असेल, तर हे दुखणं एक डाव सोडून एक तुमच्या वाट्याला येणारच. सुटका नाही, बॉस.

आधी फंडा क्लिअर करू. दोघांच्या खेळात डीलर स्मॉल ब्लाइंड भरतो, दुसरा बिग ब्लाइंड. फ्लॉपची तीन पानं उघडली की तिथून शेवटपर्यंत बिग ब्लाइंडवाला आधी बोलणार आणि डीलर त्याचं ऐकून मग ठरवणार. नुसतं मागून बोलण्याची किंमत किती? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘सेफियस’ नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला. त्यानं दोघांचा लिमिट होल्डेम जवळपास पूर्ण सोडवला. दोघंही अचूक खेळले, तरी डीलरला हजार डावांमागे सुमारे ८८ बिग ब्लाइंडचा फायदा! तिथे बेटचा आकडा ठरलेला असतो. नो-लिमिटमध्ये तो तुमच्या हातात आहे, म्हणजे नुकसान वाढवायचं की आटोक्यात ठेवायचं, हेही तुमच्याच हातात.

नवशिक्यांची सवय ठरलेली असते. पानं भारी आली की मोठी बेट, हलकी असली की छोटी. समोरचा दहा डावांत तुम्हाला उघड्या पुस्तकासारखं वाचतो, आणि मागून बोलणार असल्यामुळे त्याला वाचायला वेळही मिळतो. तेव्हा पहिला नियम: आकडा हातातल्या पानांवरून ठरवू नका, समोरच्याला काय भाव लावायचा यावरून ठरवा.

भावाचं गणित सोपं आहे. पॉटमध्ये १०० आहेत. तुम्ही ५० लावले, तर कॉल परवडायला त्याला जिंकण्याची २५ टक्के शक्यता हवी. १०० लावले तर ३३ टक्के. आणि २० लावले तर जेमतेम १४. आता समजा, फ्लॉपनंतर त्याला फ्लशसाठी एक पान हवंय. पुढच्या पानावर ते यायची शक्यता सुमारे १९ टक्के. तुमची २० ची बेट म्हणजे त्याला सेल लागल्यासारखं! ५० लावलेत, तर निदान त्या पानापुरता तरी त्याचा सौदा तोट्याचा.

मग दर वेळी मोठीच लावायची का? नाही. दर पानाला आधी बोलायचं तुम्हालाच आहे, आणि पॉट फुगला की चुकीची किंमतही फुगते. म्हणून थोडी शिस्त हवी.

फ्लॉपच्या आधी चांगल्या हातावर री-रेज करताना हात आखडू नका. डीलरनं २.५ बिग ब्लाइंड केले, तर तुमचे १० च्या आसपास असू देत. मागून बोलणाऱ्याला स्वस्तात फ्लॉप दाखवायचा नाही. शिवाय पॉटच्या मानानं मागे चिप्स कमी उरतात, म्हणजे पुढची डोकेदुखी कमी. नुसता कॉल केला असेल, तर फ्लॉपवर बहुतेक वेळा चेक करा. त्यात कमीपणा काही नाही.

बेट करायचीच असेल तर टेबलावरची पानं बघा. राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची असतील, तर पॉटच्या तिसऱ्या हिश्शात काम होतं. नव्वी-अठ्ठी-छक्की आणि त्यात दोन इस्पिक असतील, तर दोन तृतीयांश तरी हवेत. भारी हात असो की ब्लफ, आकडा तोच.

या जागेचा त्रास बघायचा असेल, तर लास वेगासमधली २००३ ची वर्ल्ड सिरीज आठवा. शेवटी उरले दोघं: मुरलेला सॅमी फरहा आणि व्यवसायानं अकाउंटंट असलेला ख्रिस मनीमेकर. फरहाकडे नव्वीची जोडी, बोर्डवरची सगळ्यात मोठी. मनीमेकरकडे राजा-सत्ती, हातात काहीच जुळलेलं नाही. टर्नवर फरहानं आधी बोलून ३ लाख चिप्स लावल्या, मनीमेकरनं ८ लाख केले, फरहानं कॉल केला. रिव्हरवर फरहाचा चेक, आणि मनीमेकर ऑल-इन! फरहानं जिंकता हात टाकून दिला. चेक अगदी स्वाभाविक होता, पण त्यामुळे शेवटचा भाव ठरवायचा हक्क मागून बोलणाऱ्याकडे गेला. थोड्याच वेळात २५ लाख डॉलरचं बक्षीस आपला अकाउंटंट घेऊन गेला.

वीकेंडचा होमवर्क: एक मित्र पकडा आणि चिंचोके वाटून घ्या. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केलाय, आणि शिकायला चिंचोके उत्तम. वीस डाव खेळा. आधी बोलायची पाळी आली की बेट करण्यापूर्वी मनात एकच प्रश्न विचारा: ‘या भावात मी समोर असतो, तर खूश झालो असतो का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर आकडा बदला.