खांदेरीचा दिवा कोणाचा?

शिवकालीन दुर्गांचा विषय निघाला की उधन्यातील आपल्या मराठी मंडळींत उत्साह संचारतो. खांदेरीचे नाव आले की मात्र एक आक्षेप हमखास कानी पडतो : महाराजांच्या किल्ल्यावर इंग्रजांचे दीपगृह हवेच कशाला? या आक्षेपाला स्वाभिमानाचा वेष असला तरी तो इतिहासाच्या अर्धवट वाचनातून आलेला आहे, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

१६७९ साली महाराजांनी थळसमोरच्या या बेटावर तटबंदीस हात घातला, तेव्हा मुंबईकर इंग्रज अस्वस्थ झाले. त्या काळी मुंबई सुरतेच्या वखारीच्या हुकमतीखाली होती. म्हणजे त्या संग्रामाचा एक धागा आपल्या तापीकाठापर्यंत येतो. इंग्रजांना बेट जिंकता आले नाही. पुढे सत्ता पालटली आणि १८६७ मध्ये त्यांनीच तेथे अष्टकोनी दीपगृह उभारले. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या खडकाचे मोल महाराजांनी ओळखले, ते इंग्रजांनाही दोन शतकांनी मान्य करावे लागले. मनोरा त्याचीच साक्ष देतो. साक्षीदारालाच हाकलून कोणता खटला जिंकणार?

जुलै २०२५ मध्ये खांदेरीसह बारा किल्ले जागतिक वारसायादीत समाविष्ट झाले. जबाबदारी खरी आता सुरू होते. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, दिवा बंदराच्या व्यवस्थेकडे. आणि बेटावरच्या वेताळाला पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्या कोळी बांधवांचे काय? तिघांना एकत्र बसवणारा एकच आराखडा हवा. नाहीतर एकाने तट सांधावा आणि दुसऱ्याने त्याला खेटून सिमेंटची खोली बांधावी, हे ठरलेलेच.

२०२१ च्या कायद्याने 'वारसा दीपगृह' ही संज्ञा आणली. त्यात शिक्षण, संस्कृती आणि पर्यटन असा क्रम आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील ७५ दीपगृहे लोकार्पित झाली ती मुख्यतः पर्यटनासाठी. पर्यटनाला आमचा विरोध नाही. शेवटचा शब्द पहिला होण्याला आहे. खाऱ्या वाऱ्याने झिजणाऱ्या दगडाची निगा, दीपरक्षकांच्या जुन्या नोंदींचे जतन आणि बेटाला झेपेल एवढ्याच प्रवाशांना प्रवेश, या गोष्टी आधी झाल्या पाहिजेत. उपाहारगृहाचे नंतर पाहता येईल.

आपण दूर राहतो, ही सबब पुरेशी नाही. किल्ल्यांच्या नावाने वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या मंडळांनी एक निवेदन खांदेरीच्या दिव्यासाठीही धाडावे.