उंदरांनी खाल्लेली कीर्ती

चंद्रपुरातल्या एका व्यासपीठावरून परवा निकाल लागला. जेकब सामुदा हा फसलेला अभियंता, ज्यूंचा पिंडच व्यापाराचा आणि लंडनच्या जहाजबांधणीवाल्याशी आपल्या जंगलमुलखाला काय देणेघेणे! टाळ्या पडल्या. टाळ्यांना पुरावा लागत नाही.

पिंडाचे एका ओळीत उरकतो : ऑक्सफर्डची पदवी ज्यूंना मिळत नव्हती, त्या काळात, १८३२ साली, विशीतल्या जेकबने भाऊ जोसेफसह जहाजांची इंजिने बांधायला घेतली.

आता ‘फसलेला’. रुळांमधल्या नळातली हवा पंपाने खेचायची आणि गाडी इंजिनाविना धावायची, ही अभियंता क्लेग आणि सामुदा बंधूंची युक्ती. नळाच्या फटीवर चरबी माखलेले कातडे. ते उंदरांनी खाल्ले, असे वक्ते रंगून सांगत होते. खाल्लेही असेल, पण खरा रोग कातडे सुकून, गारठून तडकण्याचा होता. तरी आयर्लंडात डाल्कीची गाडी १८४३ ते १८५४ धावली. ब्रुनेलची डेव्हनमधली गाडी वर्षभरात, १८४८ला थांबली, तेव्हा जेकबला जाऊन चार वर्षे होत आली होती. कातड्याला चरबी चोळायला त्याने कबरीतून यायला हवे होते काय? आणि टिकले नाही ते मूर्खपणाचे, हाच नियम असेल तर गोदावरीवर आगबोटी चालवून वर्ध्यापर्यंत जलमार्ग नेण्याचा घाटही मूर्खांचाच म्हणा. सिरोंच्याकडचे खडक तोडण्यात वर्षे गेली, १८७१ला काम सोडले. मागे एका वादात हेच सद्‌गृहस्थ त्या योजनेला ‘द्रष्टी’ म्हणत होते. द्रष्टेपण बहुधा आपल्या नदीपुरतेच असावे! देण्याघेण्याचे उत्तरही यातच आले.

उरला मृत्यू. १२ नोव्हेंबर १८४४ला ‘जिप्सी क्वीन’ या सामुदा बंधूंच्याच आगबोटीच्या चाचणीत वाफेच्या नळाचा सांधा सुटला. जेकब आणि सोबतची माणसे गेली. वक्त्यांना यात नालायकी दिसते. मला एवढेच दिसते, की चाचणीच्या दिवशी मालक बोटीवर होता. आपल्याकडे पूल खचतो तेव्हा कंत्राटदार कुठे असतो, हे वेगळे सांगायला नको.

मंडन थोडकेच. जोसेफने कारखाना चालू ठेवला, लोखंडी जहाजे बांधली आणि १८६५ला तो संसदेत गेला. कागदावरच्या रेघेसाठी स्वतःचा जीव तारण ठेवणारा माणूस गडचिरोलीच्या तंत्रनिकेतनातल्या मुलांना पहिल्याच वर्षी भेटावा. उंदरांचा धडा वक्त्यांनी खुशाल वेगळा घ्यावा.